कूड, वीट आणि बोर्ड : भिंतीच्या जाडीचा हिशेब

पुण्यास १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली आणि पुढे गावोगावी तिचे अनुकरण झाले. या व्यासपीठांवरून वेदान्त, अर्थशास्त्र, इतिहास, साहित्य असे थोर थोर विषय येऊन गेले आहेत. तेव्हा यंदा आम्ही भिंतीवर बोलणार असे कळताच एका स्नेह्याने विचारले, "भिंतीवर काय बोलणार? माणसे भिंतीशी बोलतात, एवढे आम्ही ऐकले आहे." थट्टा रास्त होती. परंतु आम्ही त्यांना उलट विचारले, की चैत्र-वैशाखातील ही व्याख्याने संध्याकाळी आणि उघड्या पटांगणात का होतात? ज्ञानाची ओढ हे कारण खरेच. पण त्या वेळी घरात बसवत नाही, हेही कारण तितकेच खरे आहे. दिवसभर तापलेली भिंत दिवेलागणीनंतर आपली ऊब घरात सोडू लागते आणि माणूस अंगणात येतो. म्हणजे श्रोते जमविण्याच्या कामी भिंतीचाही थोडा हातभार आहे. तिचा इतिहास ऐकून घेणे हे त्या ऋणाची फेड करण्यासारखेच आहे.

निमित्त मात्र घरगुती आहे. मुरबाड तालुक्यात, कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर टोकावडे हे गाव आहे. तेथे आणि शेजारच्या शहापूर तालुक्यात अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी येतो. आतल्या खोलीच्या भिंतीचे पोपडे सुटतात, पश्चिमेची भिंत रात्री तापते, म्हणून लोक कल्याणच्या दुकानात जातात. तेथे थर्माकोलचा थर चिकटविलेला जिप्सम बोर्ड मिळतो. तो भिंतीला आतून लावला की भिंत गुळगुळीत दिसते आणि उष्णताही अडते. दुकानदार विचारतो, "किती जाडीचा देऊ? पंचवीस, पन्नास की पंचाहत्तर?" येथे गिऱ्हाईक गोंधळते आणि खिशाकडे पाहून उत्तर देते. आमचे म्हणणे एवढेच, की या प्रश्नाचे उत्तर दुकानात नाही. भिंतीला कोणाशी झगडावयाचे आहे यावर तिची जाडी ठरते, आणि आपल्या मुलखातील भिंती कोणाकोणाशी झगडत आल्या आहेत हे त्यांच्या इतिहासावरूनच कळते.

टोकावड्याहून घाटाकडे निघाले की वैशाखरे लागते आणि तेथून नाणेघाटाची चढण सुरू होते. वर घाटाच्या तोंडाशी सातवाहनांच्या काळची लेणी आहे. राणी नागनिकेचा म्हणून प्रसिद्ध असलेला शिलालेख तिच्या भिंतींवर आहे. तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानला जातो. इतिहासाचे अभ्यासक त्यातील यज्ञांची, दानाची आणि आकड्यांची चर्चा करतात. आम्ही तेथे वैशाखाच्या दुपारी पोहोचलो तेव्हा त्या अक्षरांच्या आधी ध्यानात आला तो गारवा. बाहेर खडक पायाला चटके देत होता आणि आत शिरताच अंगावरचा घाम निवला. यात चमत्कार काही नाही. लेणीची भिंत म्हणजे अख्खा डोंगर. दिवसाचे ऊन काही हातांपलीकडे खडकात शिरू शकत नाही; शिरेपर्यंत रात्र होते आणि ते माघारी फिरते. कल्याण बंदराकडून जुन्नरकडे जाणारा व्यापारी येथे विसावला असेल तेव्हा त्याला मिळालेली भिंत ही जगातील सर्वांत जाड भिंतींपैकी एक होती.

पण प्रत्येकाला डोंगर कोरून राहता येत नाही. म्हणून घाटाच्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी आपापली युक्ती शोधली, आणि नवल असे, की एकाच घाटाच्या वर आणि खाली दोन अगदी उलट युक्त्या रूढ झाल्या. घाटावर, जुन्नरच्या पुढे जसजसे पूर्वेस जावे तसतशी भिंत जाड होत जाते. दगड-मातीची, पांढरीची, दीड-दोन हात रुंदीची. खिडक्या लहान, वर माळवद किंवा धाबे. घाटाखाली उतरले की भिंत एकदम बारीक होते. टोकावडे, धसई, म्हसे, शहापूरकडील पाडे, कोठेही जुने घर पाहा. मेढी सागाच्या किंवा ऐनाच्या, छप्पर उतरते, वळचण माणसाला वाकून जावे लागेल इतकी खाली, आणि भिंत म्हणजे कारवीचा कूड. लिंपण धरूनही तो दोन-तीन इंचांपलीकडे जात नाही.

घाटावरचा मनुष्य शहाणा आणि घाटाखालचा अडाणी, असा याचा अर्थ कोणी करू नये. देशावर हवा कोरडी, दिवस कडक आणि रात्र थंड. तेथे जाड मातीची भिंत सावकाराच्या पेढीसारखे काम करते. दिवसाचे ऊन ती ठेव म्हणून घेते आणि पंधरा-सोळा तासांनी, म्हणजे पहाटेच्या गारव्यात, परत करते. कोकणपट्टीत हवा दमट. उन्हाळ्याच्या रात्री देशावरच्यासारखा गारवा पडत नाही. तेथे उष्णता साठविणारी भिंत म्हणजे रात्रभर छातीवर ठेवलेला तवा. तेथील माणसाला हवी असते ती वाऱ्याची झुळूक आणि पावसापासून आडोसा. जिल्ह्यात शंभर इंचांच्या घरात पाऊस पडतो. अशा ठिकाणी उघड्या मातीची जाड भिंत दोन पावसाळ्यांत ढासळली असती. म्हणून त्याने भिंतीचे काम छपराकडे सोपविले. वळचण खाली आणली, पुढे पडवी काढली, ऊन आणि पावसाची झड दोन्ही भिंतीपर्यंत पोहोचूच दिली नाहीत. मग भिंत उरली केवळ आडोशापुरती.

या कुडाची घडण पाहण्यासारखी असते. कारवी हे सह्याद्रीच्या उतारावर दाट वाढणारे झुडूप. ते सात वर्षे नुसते वाढते आणि आठव्या वर्षी एकदम फुलून वाळते. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानातील कारवी २००८, २०१६ आणि २०२४ साली अशी फुललेली लोकांनी पाहिली. तिचे सरळ, हलके दांडे उभे लावायचे, आडव्या कांबींना रानवेलींनी किंवा वाखाने बांधायचे, आणि दोन्ही अंगांनी माती, शेण व भाताचा तूस यांचा लगदा थापायचा. वळचणीखालची वीतभर जागा पुष्कळदा लिंपीत नसत; तेथून चुलीचा धूर बाहेर जाई आणि वारा आत येई. दरसाल पाऊस सरला की घरातील बाया भिंती पुन्हा सारवीत. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी सगळ्यांकडे या कलेची जाण होती. भिंतीचे दुखणे काय आहे, ओल कोठून चढते, कोणत्या बाजूची माती आधी सुटते हे घरातील आजीला हाताच्या तळव्याने कळत असे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुने ते सोने या न्यायाने कूड उष्णता अडवितो असे हल्ली पुष्कळदा लिहिले जाते. हिशेब केला तर तसे दिसत नाही. दोन इंच मातीतून उष्णता नऊ इंची विटेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने आरपार जाते. कुडाचे घर निवांत वाटते ते भिंतीमुळे नव्हे, तर भिंतीवर ऊन पडत नाही म्हणून, वारा खेळतो म्हणून, आणि सूर्य मावळताच घडीभरात ती निवते म्हणून. तेच कूड वळचण आखूड करून, वर पत्रा टाकून बांधा आणि मे महिन्यात त्यात बसून पाहा! भिंतीची कीर्ती पुष्कळ वेळा छपराने मिळविलेली असते.

मग हा कूड मागे का पडला? आवड बदलली, हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे जंगलात आणि रुळांवर आहे. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर ठाणे जिल्ह्यात राखीव जंगलांची आखणी झाली. राबासाठी लागणारा टहाळा, घरासाठी लागणारे लाकूड यांवर बंधने आली. तक्रारी इतक्या वाढल्या की, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांपुरते १८८५ साली मुंबई सरकारला जंगल कमिशन नेमावे लागले. जी वस्तू आजोबा सहज तोडून आणीत तिच्यासाठी नातवाला रखवालदाराची मर्जी सांभाळावी लागू लागली. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील हक्क पुन्हा मान्य केला खरा, पण मधल्या सव्वाशे वर्षांत घर बांधण्याची सवयच पालटून गेली होती.

दुसरीकडे आगगाडी आली. १८५३ साली ती ठाण्यापर्यंत, १८५४ साली कल्याणपर्यंत, १८५५ साली वासिंदपर्यंत आणि १८६१ साली कसाऱ्यापर्यंत पोहोचली. शहापूर तालुक्याच्या मधून लोखंडी रस्ता गेला. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला आणि ती तांबडी, चपटी, खाचेची कौले पुढे साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. कौल गवतापेक्षा जड. त्याला बळकट मेढी आणि बळकट भिंत हवी. पोर्टलंड सिमेंट आपल्या देशात १९१४ साली पोरबंदरास तयार होऊ लागले. या सर्वांच्या संगतीने वीट खेड्यात शिरली. प्रथम वतनदाराचा वाडा, मग शाळा, मग दुकाने, आणि शेवटी सर्वांचीच घरे विटेची झाली. 'कुडाचे घर' हा शब्द दारिद्र्याचा आणि 'पक्के घर' हा प्रतिष्ठेचा ठरला.

या विटेचाही एक इतिहास आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. दहा फूट लांब, दहा फूट उंच अशा एका नऊ इंची भिंतीला सुमारे हजार विटा लागतात. त्या भिवंडी, कल्याण, मुरबाड, शहापूर या पट्ट्यातील भट्ट्यांवर थापल्या जातात, आणि थापणारे हात पुष्कळदा कातकऱ्यांचे असतात. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा उचल घ्यायची, दिवाळीनंतर मुलाबाळांसह भट्टीवर जायचे आणि पाऊस येईपर्यंत माती तुडवायची, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. तो कायदा भट्टीपर्यंत पोहोचविण्यासाठी ठाणे जिल्ह्यातील कार्यकर्त्यांना पुढे वर्षानुवर्षे झगडावे लागले. दुसऱ्यांच्या नऊ इंची भिंती घडविणारे हे कुटुंब सहा महिने जेथे राहते त्या खोपटाला कारवीच्या कुडाचेही सुख नसते. गवताचा पेंढा किंवा नुसत्या रचलेल्या विटा, आणि वर प्लास्टिकचा कागद. आपण भिंतीच्या जाडीचा विचार करू लागलो म्हणजे ही गोष्ट मनाआड करून चालणार नाही.

विटेची भिंत आली, पण तिच्याबरोबर वळचण मात्र आखडली. जागा महाग झाली, कौलाऐवजी पत्रा किंवा काँक्रीटचा स्लॅब आला, आणि पश्चिमेची भिंत उन्हात उघडी पडली. आता नऊ इंची विटेचा स्वभाव पाहा. तिच्यातून उष्णता पार व्हावयास सुमारे सात तास लागतात. दुपारी चार वाजता पश्चिमेचे ऊन भिंतीवर अगदी भरात असते. त्यात सात मिळवा. रात्रीचे अकरा वाजले! म्हणजे ज्या घटकेला लहान मूल आणि म्हातारे माणूस अंथरुणाला पाठ टेकते, नेमक्या त्याच घटकेला भिंत आपली दिवसभराची कमाई आत ओतू लागते. मुरबाडकडे अलीकडे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो हे आपण जाणताच. घाटावरची दीड हाती भिंत हीच ठेव पहाटे परत करी. घाटाखालचा कूड ठेव घेतच नसे. आपण मात्र दोहोंच्या मधली भिंत घेतली आणि दोहोंतील दोष पदरात पाडून घेतले. साडेचार इंची भिंतीची गोष्ट तर बोलावयासच नको. तिचे देणे सूर्यास्तालाच सुरू होते.

या दुखण्यावर उपाय म्हणून जो बोर्ड आज दुकानात आहे त्याची कुळकथाही थोडक्यात सांगतो. जिप्सम हा मऊ, पांढरा खनिज दगड आहे. आपल्याकडे तो राजस्थानात बिकानेर-नागौर भागांत सापडतो. भाजून पूड केली आणि पाणी घातले की तो पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. पॅरिसजवळ त्याच्या मोठ्या खाणी होत्या, म्हणून त्या पुडीला प्लॅस्टर ऑफ पॅरिस हे नाव पडले. अमेरिकेत ऑगस्टिन सॅकेट या गृहस्थाने कागद आणि प्लॅस्टर यांचे थर देऊन तयार पाटी केली आणि १८९४ साली तिचे पेटंट घेतले. गिलावा वाळण्याची वाट पाहण्याची कटकट गेली. घट्ट झालेल्या जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा पाणी असते, ते आगीत आधी वाफ होऊन जाते. म्हणून ही पाटी आगीला काही काळ दाद देत नाही. पुढे युरोपातील थंड देशांत या पाटीच्या पाठीला थर्माकोलसारखा हलका थर चिकटवून ती जुन्या घरांच्या भिंतींना आतून लावू लागले. इंग्लंडात नऊ इंची विटेची हजारो जुनी घरे आहेत. तेथे उष्णता आतून बाहेर पळते, ती कोंडून ठेवणे हा त्यांचा हेतू. आपला हेतू नेमका उलटा, बाहेरची उष्णता बाहेरच ठेवण्याचा. वस्तू तीच, पण पोथी दुसऱ्या मुलखाची आहे हे विसरून चालणार नाही.

आता जाडीचा प्रत्यक्ष हिशेब करू. नुसता साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड उष्णतेला अडवितो तो दीड इंच विटेइतका; म्हणजे जवळजवळ नाहीच. खरे काम पाठीच्या थराचे. त्यात कोंडलेली हवा असते, आणि स्थिर हवेसारखा उष्णतेचा वैरी नाही. एक इंच थर्माकोल सुमारे एकवीस इंच विटेइतका अडसर करतो. नऊ इंची गिलावा केलेल्या भिंतीतून आज १०० हिस्से उष्णता आत येते असे धरा. साडेबारा मिलिमीटरच्या बोर्डाला २५ मिलिमीटरचा थर असेल तर ती ४० वर येते. ५० मिलिमीटरला २६, आणि ७५ मिलिमीटरला १९. म्हणजे पहिल्या इंचाने ६० हिस्से अडविले, दुसऱ्याने आणखी १४, आणि तिसऱ्याने केवळ ७. पैसे मात्र प्रत्येक इंचाला मोजावे लागतात. भिंत साडेचार इंची असेल तर तिच्यातून मुळातच अधिक उष्णता येते. तेथे २५ मिलिमीटरने १०० चे ३२ होतात आणि ५० ने २०.

दुसरा खर्च जागेचा. ५० मिलिमीटरचा थर, वर बोर्ड, मागे चिकटविण्याचा मसाला, असे मिळून एका भिंतीचे पावणेतीन इंच जातात. दहा फुटी खोलीच्या समोरासमोरच्या दोन भिंतींना लावले तर साडेपाच इंच गेले. जेथे पलंग आणि कपाट यांमधून आधीच आडवे होऊन जावे लागते तेथे साडेपाच इंच ही लहान रक्कम नव्हे. शिवाय खिडकीची चौकट, विजेची बटणे, दाराची पाखी हे सारे पुढे ओढावे लागते, आणि बोर्डावर जड फळी ठोकता येत नाही. म्हणून आमच्या मुलखात, जेथे खोली यंत्राने थंड करीत नाहीत तेथे, पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या झोपण्याच्या भिंतीला २५ मिलिमीटर पुरेसे आहे. भिंत साडेचार इंची असून जागेची अडचण नसेल तर ५० घ्यावे. ७५ मिलिमीटरचा बोर्ड थंड देशांसाठी सोडून द्यावा. उत्तरेच्या सावलीतल्या भिंतीला काहीच नको.

आणि छप्पर उघडे असेल तर भिंतीलाही काही नको! वर नुसता पत्रा असताना भिंतीला बोर्ड लावणे म्हणजे घागर गळत असता चुंबळ बदलण्यासारखे आहे. २०१८ साली केंद्र सरकारने नव्या निवासी इमारतींसाठी 'इको-निवास संहिता' काढली. तिने छपराची मर्यादा स्वतंत्रपणे घालून दिली आहे, आणि भिंतींचा हिशेब करताना खिडक्या, सावली आणि दिशा हे सारे एकत्र मोजावयास सांगितले आहे. आमच्या आज्यांनी वळचण खाली आणून जे साधले तेच तेथे आकड्यांत आले आहे.

पण उष्णतेपेक्षा मोठा शत्रू ओल हा आहे, आणि येथे आम्हांस स्वतःची फजिती सांगितली पाहिजे. आमच्या टोकावड्याच्या घरातील पश्चिमेच्या खोलीला कित्येक वर्षे ओल येत असे. रंग फुगे, पोपडे पडत, खाली लोणा धरे. एका कारागिराने सांगितले, "साहेब, बोर्ड मारून टाकू, काही दिसणार नाही." आम्ही भुललो. चांगला ५० मिलिमीटरचा बोर्ड लावला. भिंत आरशासारखी झाली. पाहुण्यांना कौतुकाने दाखविली. दुसऱ्या पावसाळ्यात त्या खोलीत कुबट वास येऊ लागला. आमच्या आईंचा पलंग तेथे होता. त्यांचा खोकला हटेना. औषधे झाली, काढे झाले. शेवटी त्यांनीच एके दिवशी भिंतीवर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, "बाळा, भिंतीला ताप आहे रे. आतून ओली आहे ही." बोर्ड उचकटला तेव्हा पाठीमागची भिंत काळ्या बुरशीने माखलेली होती आणि खालचा जिप्सम भिजून भाकरीच्या पिठासारखा झाला होता.

त्या कारागिराला आम्ही दोष देत नाही. काही दिसू नये एवढेच आम्ही मागितले होते आणि तेवढे त्याने दिले. चूक आमच्या मागण्यात होती. दुखणे बाहेर होते. पत्र्याची पन्हळ फुटून पाणी सारे जोत्याशी पडत होते, आणि जुन्या मातीत रचलेल्या त्या भिंतीला वीस वर्षांपूर्वी कोणी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. सिमेंटमुळे आत शिरलेले पाणी बाहेर वाळू शकत नव्हते. जुनी माती-चुन्याची भिंत पाणी पिते आणि उन्हात ते सोडून देते. तिला सिमेंटचा लेप देणे म्हणजे घामेजलेल्या माणसाला रबराचा अंगरखा घालणे. आम्ही आधी पन्हळ बदलली, वळचण दोन फूट पुढे काढली, जोत्याभोवती उतार दिला, सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा केला, आणि भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी ठेवली. नंतर पाहिले तर वळचणीच्या सावलीमुळे निम्मी उष्णता आपसूकच उतरली होती. मग कोरड्या भिंतीला २५ मिलिमीटरचा बोर्ड लावला. अर्ध्या जाडीत पूर्ण काम झाले. मात्र मधल्या दोन पावसाळ्यांतला खोकला आईंना आयुष्यभर चिकटला, तो कोणत्याही हिशेबाने परत घेता आला नाही.

येथे शहरातील श्रोत्यांसाठी एक वेगळी सूचना. ज्यांच्या खोलीत थंडीचे यंत्र पावसाळ्यातही चालते त्यांच्या भिंतीत बाहेरची दमट हवा आत शिरून बोर्डाच्या पाठीशी थंडाव्याने पाणी धरू शकते, जसे बर्फाच्या पेल्याला बाहेरून धरते. इंग्रजी पुस्तकांत वाफ अडविणारा पडदा आतल्या अंगाला लावावयास सांगतात, कारण त्यांच्या घरात वाफ आतून येते. आपल्याकडे ती बाहेरून येते. तेव्हा आंधळेपणाने तो पडदा आत लावू नये; फटी मात्र नीट बुजवाव्यात. तसेच थर्माकोल आगीत विषारी धूर सोडतो. म्हणून तो आग सहजी न धरणाऱ्या जातीचाच घ्यावा आणि बोर्डाशिवाय कधीही उघडा ठेवू नये. स्वयंपाकघरात चुलीमागे तर मुळीच नको.

आता या साऱ्या इतिहासातून काय निघाले? डोंगरातील लेणीने जाडीवर भिस्त ठेवली. घाटावरच्या वाड्याने मातीच्या वजनावर ठेवली. घाटाखालच्या कुडाने छपराच्या सावलीवर आणि वाऱ्यावर ठेवली. प्रत्येकाने आपला शत्रू ओळखला आणि तेवढ्यापुरतीच भिंत उभारली. आपल्या पिढीने भिंत विकत घेतली आणि शत्रू ओळखण्याचे काम दुकानदारावर सोडले, हीच काय ती आपली चूक. कूड परत आणा असे आम्ही म्हणत नाही. ज्यांनी साप-विंचवांच्या आणि गळत्या छपरांच्या घरात जन्म काढला त्यांना पक्क्या घराची आस असणे हा त्यांचा हक्क आहे. परंतु कुडाबरोबर जो तळव्याचा शहाणपणा होता तो पक्क्या घरात आणावयास कोणाची हरकत आहे?

म्हणून या वैशाखात घरी गेल्यावर एवढे करा. रात्री अकरा वाजता आपल्या खोलीच्या चारी भिंतींवर तळवा ठेवून पाहा. कोणती तापली आहे, ते ध्यानात घ्या. मग आषाढात पुन्हा तळवा ठेवा आणि कोणती ओली आहे ते पाहा. जी ओली असेल तिच्या बाहेर जाऊन पन्हळ आणि वळचण नीट करा व तिला वाळू द्या. जी कोरडी असून तापते तिला आधी सावली द्या, छपराची व्यवस्था लावा, आणि उरलेल्या उष्णतेपुरता एक इंचाचा थर आतून लावा. इतके झाल्यावर मग दुकानात जा. दुकानदाराने "किती जाडीचा देऊ?" असे विचारले, की तुम्हांला खिशाकडे पाहावे लागणार नाही, उत्तर तुमच्या तळव्यावर असेल.